गामाप : सिंह, पाणी की दोन? कारूतल्या एका शेतनावाचं प्रकरण

(शेत, ओढा आणि माणसं यांची ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. 'गामाप' हे खरं नाव नाही. खऱ्या नावाची सुरुवात आणि शेवट मात्र असाच आहे, आणि वाद त्या दोन टोकांवरच झाला. जुन्या नोंदी वाचून टिपणं काढणाऱ्यांत मी होतो.)

पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात स्वार्टबर्ग डोंगररांगेच्या दक्षिणेला छोटा कारू म्हणून ओळखला जाणारा कोरडा पट्टा आहे. 'कारू' हा शब्दच खोईखोई भाषेतून आलेला, अर्थ साधारण 'कोरडं, रखरखीत'. युरोपीय लोक येण्याआधी इथे गुरं-मेंढ्या पाळणाऱ्या खोईखोई टोळ्या फिरत. 1652 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणं मांडलं. पुढच्या दीडशे वर्षांत जमीन हातची गेली, 1713 च्या देवीच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, आणि उरलेली माणसं गोऱ्या शेतकऱ्यांकडे गुराखी, गाडीवान, मोलकरणी म्हणून राहिली. दक्षिण केपमधली त्यांची बोली गेली. त्यांचे वंशज आज आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून घडलेली भाषा, बोलतात. बोली गेली तरी नद्यांची, खिंडींची, शेतांची नावं राहिली.

अशाच एका शेतावरची ही गोष्ट. मेंढ्या, थोडी जर्दाळूची झाडं, आणि अलीकडे पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. मालक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, आफ्रिकान्स बोलणारं. शेताच्या वरच्या अंगाला कामगारांची वस्ती, तीही तितकीच जुनी, खरं तर जास्तच. खरेदीखतावर शेताचं नाव गामाप. शेताच्या कडेने एक ओढा वाहतो. वर्षातले बरेच महिने त्यात वाळूच असते. सरकारी नकाशात त्या ओढ्याच्या नावात 'हॉटेंटॉट' हा शब्द आहे. डचांनी खोईखोई लोकांना ठेवलेलं हे नाव आज तिथे शिवी समजलं जातं.

वस्तीतल्या रहिवाशांनी ठरवलं की ओढ्याचं हे नाव जायला हवं. मालकाचीही हरकत नव्हती. त्याला पाहुण्यांना दाखवायला एक फलक हवा होता आणि त्यावर शिवी नको होती. ओढ्याला शेताचंच जुनं नाव द्यावं, यावर दोन्ही बाजूंचं लगेच जमलं. भांडण होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

प्रश्न कुठे अडला

दक्षिण आफ्रिकेत नदी, डोंगर, गाव यांची नावं बदलायची तर 1998 च्या भौगोलिक नाव परिषद कायद्यानुसार अर्ज करावा लागतो. प्रांतीय समिती तो तपासते, राष्ट्रीय परिषद शिफारस करते, मंत्री मान्यता देतात, आणि नाव राजपत्रात येतं. राजपत्रात आल्यावर महिन्याभरात कुणालाही लेखी तक्रार करता येते. अर्जात नावाची भाषा, मूळ आणि अर्थ विचारलेला असतो. गाडी इथे अडली.

मालकाच्या घरात 'गामाप' म्हणजे सिंह हे पणजोबांपासून ठरलेलं. याला आधार अगदीच नव्हता असं नाही. शेजारच्या खोऱ्यातून वाहणाऱ्या गामका नदीचा अर्थ 'सिंहाची नदी' असाच लावतात. नामा या नामिबियात आजही बोलल्या जाणाऱ्या खोईखोई भाषेत सिंहाला 'ख़ामी' म्हणतात, त्यातला ख 'ख़बर' मधल्यासारखा घशातून काढायचा. केपमधले सिंह 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत संपले, पण त्याआधी ते इथे होते. मालकाच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बाटल्यांवर सिंहाचं तोंड छापलेलं होतं, फाटकावर लोखंडी सिंह होता.

वस्तीतल्या तरुण मंडळींना 'पाणी' हवं होतं. खोईखोई वारसा परत मिळवू पाहणाऱ्या गटांत त्यांची ये-जा होती. त्सित्सिकामा, केइसकामा, गौकामा या नावांतला 'कामा' म्हणजे पाणी, हे तिकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मग गाम आणि काम एकच, असं त्यांचं म्हणणं. गोऱ्या मालकाने आपल्या पाण्याचा सिंह केला, असा सूरही त्यात होता, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

एका सभेत दोन्ही बाजू आपापल्या अर्थावर अडून बसल्या, तेव्हा अर्ज बाजूला पडला आणि नोंदी तपासायचं ठरलं.

नोंदींत काय सापडलं

18व्या शतकात कंपनी इथली जमीन विकत नसे, वापराचा परवाना देई. अशा परवान्याच्या शेताला 'लेनिंगप्लास' म्हणत, म्हणजे उसनवारीची जागा. घराच्या किंवा झऱ्याच्या जागेपासून घोडा पावलांच्या चालीने अर्धा तास जाईल तेवढं अंतर चहूबाजूंनी धरायचं. साधारण 3,000 मॉर्गन, म्हणजे 2,500 हेक्टरच्या आसपास जमीन त्यात येई. शतकाच्या उत्तरार्धात भाडं वर्षाला 24 रिक्सडॉलर होतं. मोजणी नाही, नकाशा नाही. त्यामुळे वहीत शेत ओळखायची एकच खूण, नाव. शेतकरी तिथल्या गुराख्याला विचारी की या पाण्याला काय म्हणतात. तो सांगे, शेतकऱ्याला जसं ऐकू येई तसं तो कारकुनाला सांगे, आणि कारकून जमेल तसं लिही. 1813 मध्ये इंग्रज गव्हर्नर क्रॅडॉकने ही पद्धत बंद करून कायम खंडाची पद्धत आणली. तेव्हा मोजणी झाली आणि त्या वेळी चालू असलेलं स्पेलिंग खतावर कायमचं बसलं. खडकीचं 'किरकी' झालं तेही अशाच कुणा साहेबाच्या कानामुळे, पण खडकीला आपण अजून खडकी म्हणतो. इथे मूळ उच्चार सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

गामापच्या बाबतीत वह्यांत तीन रूपं मिळाली. सगळ्यात उशिराच्या नोंदीत नावाची सुरुवात रोमन जी ने होती. त्याआधीच्या एका नोंदीत सी ने. आणि एका नोंदीत सुरुवातीला टी, मग स्वल्पविरामासारखी खूण, मग के.

या अक्षरांचं एवढं काय, असं वाटेल. पण खोईखोई भाषांत जिभेने काढायचे क्लिक ध्वनी व्यंजनं म्हणून वापरतात. त्यांतले दोन तर आपण रोज काढतो. हळहळताना दातांमागे जीभ लावून 'च्च च्च' करतो तो एक, आणि गाडीवान बैल हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतो तो दुसरा. आपल्याकडे ते शब्दांत येत नाहीत, तिथे येतात. नामा भाषेत 'गाम' या ऐकू येणाऱ्या आवाजाआधी 'च्च' वाला क्लिक लावला तर अर्थ 'दोन' होतो, गालाच्या कडेचा लावला तर 'पाणी', आणि क्लिक न लावता घशातला ख़ घेतला तर 'सिंह'. शिवाय स्वराची चढ-उतार असते, ती वेगळीच. डच कारकुनाला क्लिक लिहायला अक्षर नव्हतं. त्यामुळे तीन वेगळे शब्द त्याच्या वहीत जवळपास सारखे दिसू शकतात.

जवळपास म्हटलं, कारण थोडा फरक दिसतो. डच आणि आफ्रिकान्समध्ये जी हे अक्षर ख़ सारखं उच्चारतात. म्हणून गामकामधला जी ख़ चा, आणि ख़ म्हणजे सिंह. पाण्याच्या नावांत डच लेखणी सहसा के किंवा सी लिहिते, त्सित्सिकामासारखं. या हिशेबाने उशिराची जी वाली नोंद सिंहाकडे झुकते, आधीची सी वाली पाण्याकडे किंवा दोनकडे. वस्तीतली मंडळी यावर एक उदाहरण द्यायची: नामिबियाची राजधानी विंडहूकच्या जुन्या नावात, 'आइगाम्स' मध्ये, पाणी जी नेच लिहिलंय ना! बरोबर आहे. त्या नावाचा अर्थ 'अग्नीचं पाणी', तिथल्या गरम झऱ्यांवरून पडलेलं. पण ते स्पेलिंग जर्मन मिशनऱ्यांच्या पद्धतीतून आलंय, आणि जर्मन जी ख़ नसतो. तेव्हा आधी लेखणी कुणाची ते बघायचं, मग अक्षर वाचायचं. छोट्या कारूतली 18व्या शतकातली वही डच लेखणीची, तिला जर्मन नियम लावून चालत नाही.

उरली टी वाली नोंद. प्रवासी आणि कारकून पुष्कळदा क्लिक दाखवायला शब्दाआधी टी आणि स्वल्पविरामासारखी खूण लावत. तसं धरलं तर सिंह बाद. पण डचमध्ये 'हेट' या उपपदाचं आखूड रूपही टी आणि खूण असंच लिहितात, फक्त खूण टी च्या आधी येते. हाताने भरभर लिहिलेल्या वहीत ती खूण टी च्या आधी आहे, नंतर आहे की डोक्यावर, हे भिंगातूनही सांगता येत नव्हतं. आमच्यापैकी दोघांनी ती क्लिक वाचली, एकाने उपपद. मी क्लिक वाचणाऱ्यांत होतो आणि अजूनही आहे, पण पैज लावणार नाही.

आणखी एक शंका लवकरच निकाली निघाली. कारूच्या वरच्या भागात ख़ाम नावाचे सान लोक होते, त्यांची भाषा खोईखोईपेक्षा अगदी निराळी. नाव त्यांचं असेल का? पण त्यांच्याकडे पाण्याला 'ख्वा' सारखा शब्द आहे. शिवाय नावाचा शेवट खोईखोई वळणाचा दिसत होता.

शेवटचा 'प'

सगळे पहिल्या अक्षरावर भांडत होते, आणि कामाचा पुरावा शेवटच्या अक्षरात होता.

खोईखोई भाषेत नामाच्या शेवटी लिंग-वचनाचा प्रत्यय असतो. पुल्लिंगी एकवचनाला 'ब', स्त्रीलिंगी एकवचनाला 'स'. नामिबियाचा नकाशा उघडला की हे नजरेत भरतं. नद्या: कुइसेब, उगाब, होआनिब, नोसोब, औओब. वस्त्या: खोरिखास, उसाकोस, गोबाबिस, गोखास. नदी पुल्लिंगी, वस्ती स्त्रीलिंगी, हा सर्वसाधारण कल. डच आणि जर्मन तोंडात शब्दाच्या शेवटचा ब कडक होऊन प होतो. म्हणून स्वाकोप, म्हणून गारीप. गारीप म्हणजे ऑरेंज नदी. तिला ऑरेंज हे नाव 1779 मध्ये रॉबर्ट जेकब गॉर्डनने डच राजघराण्यावरून दिलं. स्थानिक नावाचा अर्थ फक्त 'नदी', 'मोठी नदी'. तिच्या उपनदीचं 'वाल' हे नावही खोईखोई नावाचं भाषांतर, फिकट-मातकट रंगाची नदी.

तर गामाप हे नाव वळणाने वस्तीचं वाटत नाही, झऱ्याचंही नाही. ते वाहत्या पाण्याचं नाव दिसतं. नदीला नामा भाषेत 'आब' असाही शब्द आहे, त्यालाही सुरुवातीला क्लिक. 'आप' हा शेवट त्याचाच अवशेष असू शकतो. कसंही फोडलं तरी एवढं निघतं की हे नाव आधी ओढ्याचं होतं, शेताने ते ओढ्याकडून घेतलं, आणि नकाशा करणाऱ्याने ओढ्याला शिवी चिकटवली.

अर्जासाठी हा मुद्दा सोन्यासारखा होता. शेताचं नाव ओढ्याला 'देण्याचा' प्रश्नच उरला नाही. ओढ्याचं नाव ओढ्याला परत करायचं होतं. आणि हे सांगायला सिंह की पाणी हे ठरवावं लागत नव्हतं.

सभेतला एक तास

नामिबियातल्या एका नामाभाषक शिक्षिकेला फोनवर घेतलं होतं. खोली भरलेली, फोन टेबलावर ठेवलेला. तिने तिन्ही शब्द एकामागोमाग म्हणून दाखवले. पहिल्यांदा कुणाला फरकच कळेना. दुसऱ्यांदा वस्तीतल्या मुलांनी ओळखला आणि म्हणून बघायला लागली. पाचेक मिनिटं सगळ्या खोलीत च्च च्च आणि टक टक चाललेलं. मालकही करत होता.

मग तिने विचारलं, तुमच्यात सगळ्यात म्हातारं माणूस हे नाव कसं म्हणतं? मालक म्हणाला, ख़ामाप. तो स्पेलिंग वाचून म्हणत होता. आफ्रिकान्समध्ये जी दिसला की ख़ निघणारच. तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला पुढे बोलावलं. त्याला सगळे 'ओम' म्हणत, वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे असंच हाक मारतात. ओम शाळेत फारसे गेलेले नव्हते, खत किंवा नकाशा त्यांच्या वाचनात कधी आला नव्हता. ते म्हणाले, कामाप. सरळ क. क्लिक नाही, ख़ ही नाही. मालकाने विचारलं, ओम, इतकी वर्षं मी ख़ामाप म्हणतोय, कधी बोलला नाहीत? ओम म्हणाले, 'बास' (म्हणजे मालक), शेत तुमचं आहे ना. मेंढ्या नेतो त्या खळग्याला आम्ही कामाप म्हणतो.

स्पेलिंग न पाहिलेल्या तोंडातला हा क वजनदार पुरावा आहे. क्लिकवाला शब्द क्लिक गमावतो तेव्हा मागे सहसा क उरतो. ख़ आपोआप क होत नाही. त्यामुळे ओमच्या उच्चाराने सिंह मागे पडला. पण पाणी की दोन हे त्यातूनही ठरत नाही, कारण दोन्ही क्लिक गळले की उरतो तो क च.

आणि नेमका इथे मोह झाला. घराच्या वर दोन ओहोळ एकत्र येऊन हा ओढा होतो. 'दोन नद्या'! कुणीतरी टाळीच वाजवली. नामिबियातल्या सेसफोंटेनचं खोईखोई नाव 'सहा झरे' असंच आहे, त्यामुळे संख्येवरून नाव पडणं अशक्य नाही. पण कारूतल्या कुठल्या ओढ्याला वर दोन फाटे नसतात? पाणी म्हणाल तर पाणी आहे, सिंह म्हणाल तर सिंह होते. भूगोल तिन्ही अर्थांना हो म्हणतो, म्हणून तो इथे साक्षीदार म्हणून कामाचा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, मालकाचा सिंह अर्जात लिहून मोकळं व्हायचं. घरची परंपरा आणि गामकाचा शेजार, दोन्ही हाताशी. पण ओमचा उच्चार आणि जुन्या नोंदी विरोधात, आणि वस्ती अर्जावर सही करणार नव्हती.

दुसरा, पाणी लिहायचं. भावनिकदृष्ट्या सगळ्यात सोपं, समितीलाही ओळखीचं. केपमधल्या लोकप्रिय अर्थांचं मात्र असंच होतं: गोड अर्थ आधी फलकावर जातो, मग पुस्तिकेत, मग तोच पुरावा ठरतो. केइसकामाला कुणी 'चमकणारं पाणी' म्हणतं, कुणी 'गोड पाणी', आणि दोन्ही छापलेलं सापडतं. कानालँड या नावातला 'काना' एलंड हरीण की चघळायची काना वनस्पती, यावरही दोन तट आहेत. पर्यटकांच्या पुस्तिकेला सुंदर अर्थ लागतो, नाव ठेवणाऱ्यांना तो लागत नसे. स्वाकोप नदी पुरात गाळ आणि मेलेली जनावरं समुद्राकडे लोटते, म्हणून तिला लोकांनी थेट शरीराच्या मागच्या दाराचं आणि तिथून पडणाऱ्या मळाचं नाव दिलं. तिच्या मुखाशी आज सुट्टीवाल्यांचं टुमदार गाव आहे आणि त्या गावाच्या नावात हे सगळं मुकाट बसलंय.

तिसरा, आजच्या नामा लिपीत, क्लिकचं चिन्ह लावून नाव लिहायचं. नामिबियात हे अधिकृतपणे चालतं. 2013 मध्ये तिथल्या ल्युडेरिट्झ (एका जर्मन व्यापाऱ्याचं नाव) मतदारसंघाला क्लिकच्या चिन्हांसकट नामा नाव मिळालं. तरुणांना हे फार हवं होतं, आणि त्यामागची ओढ मला पटते. अडचण अशी की एक उभी रेघ काढली तर 'दोन', दोन उभ्या रेघा काढल्या तर 'पाणी', काहीच न काढता ख़ चं अक्षर लिहिलं तर 'सिंह'. चिन्ह लावायचं म्हणजे अर्थ ठरवायचा. शिवाय छोट्या कारूतली बोली नामा नव्हती, तिची बहीण होती. नामाचे नियम तिला तंतोतंत लागतील याची हमी नाही.

चौथा, अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांबायचं. याचा अर्थ नकाशावर शिवी तशीच ठेवायची, आणि अभ्यास 'पूर्ण' होईल अशी चिन्हं नव्हती.

पाचवा, रूप आणि अर्थ वेगळे करायचे. अर्जात भाषा खोईखोई, नावाचा प्रकार नदीनाम, आधार शेवटचा प्रत्यय आणि जुन्या नोंदी. अर्थाच्या रकान्यात तीन वाचनं, प्रत्येकाचा आधार एका ओळीत, आणि 'अनिर्णित' हा शब्द.

काय केलं

पाचवा पर्याय निवडला. सगळ्यांना तो तितकासा आवडला नाही. 'अनिर्णित' लिहिलं की समिती अर्ज परत करेल अशी भीती होती, आणि वस्तीतल्या एका मुलीने स्पष्ट सांगितलं की आमच्या वाट्याला नेहमी अनिर्णितच का येतं, ल्युडेरिट्झचा अर्थ कुणी विचारला होता का? याला चांगलं उत्तर नव्हतं. तिच्या म्हणण्यावरून अर्जात एक वाक्य घातलं: अर्थ अस्पष्ट झाला तो ही भाषा बोलणाऱ्यांची जमीन आणि भाषा गेल्यामुळे, नाव क्षुल्लक असल्यामुळे नव्हे. माझ्या मते अर्जातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच.

स्पेलिंगवर खरी घासाघीस झाली. खतावरचा जी की ओमचा के? जी ठेवला तर शेत आणि ओढा एकच नाव आहे हे कागदावर दिसतं, पण आफ्रिकान्स वाचणारा पुन्हा ख़ म्हणणार आणि सिंह मागल्या दाराने परत येणार. के लिहिला तर उच्चार वाचतो, पण खताशी नातं तुटतं. शेवटी ओढ्यासाठी के सुचवला आणि जोडपत्रात वहीतली तिन्ही रूपं दिली. शेताच्या खताला हात लावला नाही. मालकाला त्यासाठी वकील आणि नोंदणी कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागल्या असत्या आणि त्यातून कुणाचंच काही साधलं नसतं.

फलकाला समितीची परवानगी लागत नाही, तो खाजगी जागेत आहे. त्यावर आफ्रिकान्स आणि इंग्रजीत मजकूर आहे: हे नाव या ओढ्याचं, ते खोईखोई लोकांनी ठेवलेलं, वस्तीत त्याला कामाप म्हणतात, अर्थ 'पाणी' किंवा 'दोन' असावा, 'सिंह' असल्याचं या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घरच्या कथेला तिची जागा दिली, कथा म्हणून.

निष्पत्ती

अर्ज गेला. समितीने तो अर्थावरून परत केला नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचंही म्हणणं घ्या, असं सांगितलं, आणि ते रास्त होतं, ओढा काही एका शेतापुरता वाहत नाही. ते काम अजून चालू आहे. म्हणजे हे लिहीपर्यंत नकाशावर जुनंच नाव आहे.

फलक उभा आहे. मुरंब्याच्या बाटलीवर सिंह आहे आणि फाटकावरही. मालक म्हणतो, लोखंडाचे पैसे दिलेत. वस्तीतल्या मुलांनी शिक्षिकेकडून फोनवर नामा शिकायला सुरुवात केली, त्यातली काही टिकली.

वेगळं काय करता आलं असतं

अर्थाची चर्चा सुरू होण्याआधी ओमसारख्या माणसांचे उच्चार ध्वनिमुद्रित करायला हवे होते. सभेत सगळ्यांसमोर, दोन गट टपून बसलेले असताना विचारलेल्या उच्चाराला कुणीही आक्षेप घेऊ शकतं, आणि खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याने घेतलाच: म्हाताऱ्याला पढवलंय म्हणे. आता पाहुण्यांच्या खोल्यांत काम करणारी तरुण मंडळी फलकामुळे 'कामाप' म्हणतात, त्यामुळे आजचा उच्चार पुरावा म्हणून घेता येत नाही. उरलेत ते स्पेलिंग न पाहिलेले काही वृद्ध, आणि त्यांच्याकडे एकेकटं, शेतावर मेंढ्यांमागे चालत, वेगवेगळ्या नावांच्या ओघात विचारायला हवं.

खालच्या अंगाच्या शेतांच्या नोंदीही सुरुवातीलाच काढायला हव्या होत्या. नदीचं नाव एका शेताच्या वहीत शोधलं की एकाच कारकुनाचा कान मिळतो. त्याच ओढ्यावरच्या दुसऱ्या शेताचा परवाना दुसऱ्या शेतकऱ्याने, दुसऱ्या वर्षी, कदाचित दुसऱ्या कारकुनासमोर घेतलेला असतो. समितीने सांगितल्यावर ती शेतं तपासली तेव्हा त्यातल्या एकाच्या 19व्या शतकातल्या मोजणी नकाशावर ओढ्याच्या रेघेलगत बारीक अक्षरात नाव मिळालं. सुरुवात के ने, शेवटी पी, आणि नावापुढे 'रिव्हिर', म्हणजे डचमध्ये नदी. त्या नकाशाची प्रत आता जोडपत्रात जाते आहे, आणि ज्याने म्हाताऱ्याला पढवल्याचा आरोप केला होता त्याच शेतकऱ्याच्या जमिनीचा तो नकाशा असल्यामुळे त्याची सही कुणी मागायला जायचं, यावर पुढच्या बैठकीत ठरेल.